डीपी जळाली आमची, अन् चर्चा भलत्याचीच

पऱ्हाटी (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९.४०

राम राम मंडळी.

आज अकरावा दिवस. आमच्या शिवारातली डीपी, म्हणजे मोटारींना लाईन देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली ती जळालीच. हरभरा फुलोऱ्यावर आहे, एक ओलित हवं होतं, तेही हुकलं. विहिरीत पाणी आहे, मोटार आहे, पाइप अंथरलेले आहेत, फक्त लाईन नाही. ऑफिसात गेलं की साहेब म्हणतात, "ट्रान्सफॉर्मर शिल्लक नाही, अर्ज देऊन ठेवा." अर्ज दिलेला आहे. दोनदा.

पण हा धागा डीपीचा नाही. काल सकाळी गावच्या पानठेल्यावर बसलो होतो. हिंगणघाटकडून येणाऱ्या रस्त्यावरचा साधा ठेला, शेजारी चहा, वर लटकवलेला टीव्ही. नऊ-दहा जण होते, त्यातले सहा जण ह्याच डीपीवरचे कास्तकार. पाऊण तास बोलणं चाललं. कशावर? एका हिंदी नटाच्या घटस्फोटावर. त्यानं बायकोला पोटगी किती द्यावी, यावर आमचे काका, ज्यांनी सातबाऱ्याच्या फेरफाराखेरीज कधी कागदाला हात लावला नाही, ते हायकोर्टाच्या थाटात निकाल देत होते. मग युद्ध निघालं. कोणत्या देशाकडे किती क्षेपणास्त्रं, कोणाचं रडार चांगलं. डीपीचं नाव निघालं तेव्हा सगळे धोतर-पँट झटकून उठायच्या बेतात होते. "चाल बाप्पा, होईल कवातरी," एवढ्यावर विषय संपला.

आणि गंमत पाहा. टीव्हीवरची बाई एकाच बाजूनं ओरडत होती, पण ठेल्यावर दोन तट पडले होते. आमच्या माणसाला कोणी मत शिकवू शकत नाही, सांगाल त्याच्या उलटच बोलेल तो. पण विषय? विषय त्यानं मुकाट्यानं खिशात घातला, खर्ऱ्याच्या पुडीसारखा.

तर विचारायचं हे की, आपण कशावर बोलायचं हे नेमकं ठरवतं कोण? आणि हे फक्त आमच्याच गावात आहे का?

---

पुण्यातला_वऱ्हाडी | सोमवार, रात्री १०.१५

सगळीकडेच आहे भाऊ. आमच्या हिंजवडीच्या कँटीनमध्ये परवा तोच घटस्फोट. पण मला वाटतं तुम्ही उलटं बघताय. लोकांना चघळायला तेच लागतं म्हणून चॅनल तेच दाखवतं. टीआरपीचा धंदा आहे. डीपी दाखवली तर कोण बघणार?

---

पऱ्हाटी | सोमवार, रात्री १०.३१

डीपीवाले सहा जण तरी बघतील ना बापा!

---

मास्तर_निवृत्त | मंगळवार, सकाळी ६.०५

पऱ्हाटी, तुम्ही जे ठेल्यावर पाहिलं त्याला नाव आहे. इंग्रजीत ह्याला अजेंडा सेटिंग म्हणतात, आपण विषयपत्रिका ठरवणं म्हणू. ग्रामसभेची विषयपत्रिका सचिव काढतो, आणि जो विषय पत्रिकेत नाही तो "आयत्या वेळचे विषय"मध्ये ढकलून लोक उठून जातात, अगदी तसंच. तुमची डीपी आयत्या वेळच्या विषयात गेली.

बर्नार्ड कोहेन नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९६३ मध्येच हे मांडलं होतं. वर्तमानपत्रं लोकांना काय मत बनवा हे सांगण्यात बऱ्याचदा फसतात, पण कशाबद्दल मत बनवा हे सांगण्यात जबर यशस्वी होतात, असा त्याचा मथितार्थ. मग १९६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मॅक्सवेल मॅकॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ ह्या दोघांनी चॅपल हिल ह्या छोट्या विद्यापीठाच्या गावात १०० मतदार गाठले, मुद्दाम असे की ज्यांचं मत अजून ठरलेलं नव्हतं. त्यांना विचारलं, तुमच्या मते देशापुढचे मोठे प्रश्न कोणते. दुसरीकडे त्या गावात जी वर्तमानपत्रं, साप्ताहिकं आणि टीव्हीच्या बातम्या पोचत त्यांत कोणत्या प्रश्नाला किती जागा मिळाली ते मोजलं. दोन्ही यादींचा क्रम जवळजवळ एकावर एक बसला. १९७२ मध्ये ते छापून आलं आणि तिथून हा अभ्यास सुरू झाला.

पुण्यातल्या वऱ्हाडींची शंका रास्त आहे. दोन याद्या जुळल्या म्हणून कोण कोणामागे चाललं हे कळत नाही. नांगराच्या बैलांसारखं, दोघं सोबतच चालतात, पण ओढतो कोण? ते पुढे १९८०च्या दशकात शांतो अय्यंगार आणि डोनाल्ड किंडर यांनी तपासलं. साध्या नागरिकांना रोज संध्याकाळी बोलावून टीव्हीच्या बातम्या दाखवल्या, पण त्या बातम्यांत गुपचूप फेरफार केला होता. काहींच्या बातमीपत्रात एका प्रश्नाच्या बातम्या जास्त घुसवल्या, काहींच्यात दुसऱ्या. आठवड्याभरात ज्यांनी जे जास्त पाहिलं त्यांना तेच देशाचं मोठं दुखणं वाटू लागलं. म्हणजे ओढणारा बैल कोणता, ते बऱ्यापैकी दिसलं.

शिकवायची सवय, लांबलं. माफ करा.

---

वेचणीवाली | मंगळवार, दुपारी १.५०

मास्तर, चांगलं सांगितलं तुमी. पण भाऊ, तुमच्या पानठेल्यावर बाया नसतात हे कोणी पाह्यलं का?

आमी आता जेवणाच्या सुट्टीत धुऱ्यावर (बांधावर) बसलो हाओ, म्हणून लिहून राह्यली. सकाळपासून कापूस वेचून राह्यलो. आमच्यात त्या नटाचं एकदाबी नाव नाही निघालं. काय निघालं सांगू? गटाच्या कर्जाचा हप्ता. सोमवारी भरा लागते, वसुलीवाला पोट्टा येते अन् ज्या बाईजवळ पैसे नाही तिच्या दारात बाकीच्या बायाले बसवून ठेवते. एकीनं आपल्या सासूचे हातातले गोट विकले, थे चर्चा. दुसरी चर्चा, किलोमागं वेचणीचा भाव. तिसरी, पोट्टीचं लग्न.

आमाले विषय कोणी टीव्हीतून नाही देत. तुमाले देते, कारण तुमाले ठेल्यावर बसाले वेळ हाय 😀

---

पऱ्हाटी | मंगळवार, दुपारी २.२०

ताई, जोड्यानं मारलंत. मान्य.

---

मास्तर_निवृत्त | मंगळवार, दुपारी ४.१०

ताईंचा मुद्दा विनोदात घालवू नका. अभ्यासकांनाही पुढे तेच आढळलं. जे दुखणं माणूस स्वतः रोज भोगतो, महागाई, हप्ता, मजुरी, तिथे बातमीचा जोर फारसा चालत नाही. जिथे आपला अनुभव नाही, परदेश, युद्ध, मोठ्यांची लग्नं, तिथे बातमीवाला म्हणेल ती पूर्व.

---

वाघाडीकाठ | मंगळवार, रात्री ८.३५

मास्तरसाहेब, इथंच मले बोलाचं हाय. भोगलेलं दुखणं आपल्याले माहीत असते, हे बरोबर. पण थे *सगळ्याईचं* दुखणं हाय हे माहीत नसते. थो फरक लय मोठा हाय राजेहो.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. २०१७ चा पावसाळा. त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती, बोंडअळीची धास्ती, लोकं दोन-तीन औषधं एकात मिसळून फवारत होते. आमच्या घरचा सालदार, माझ्यापेक्षा चार वर्षांनं मोठा, तीन दिवस सतत फवारा मारत होता. चौथ्या दिवशी धुऱ्यावर बसला अन् म्हणे, भाऊ, तू दोन-दोन दिसून राह्यला. तोंडातून लाळ, हातपाय गार. आमी काय समजलो? ऊन लागलं. त्याच्या बायकोनं लिंबूपाणी देल्लं. शेजारच्या म्हाताऱ्यानं सांगितलं, उपाशीपोटी फवारलं असन, त्याचीच चूक. रात्री दवाखान्यात नेलं तवा डॉक्टर म्हणाले विष अंगात गेलं.

थो वाचला. पण ऐका. त्याच हप्त्यात बाजूच्या गावात एक गेला होता. तिकडच्यांनी म्हटलं, झटका आला. तिसऱ्या गावात म्हटलं, दारू. प्रत्येक गावाजवळ आपापलं कारण होतं. प्रत्येकाले वाटे की हे आपल्याच घरचं खासगी मरण हाय. पेपरात जिल्हा पुरवणीत तुरळक चार-चार ओळी येत. मंग कोणीतरी थे सगळे चौकटी एकाखाली एक लावल्या, आकडा मांडला, अन् एकदम कळलं का हे तं जिल्हाभर चाललं हाय. शेकडो दवाखान्यात, वीसहून जास्त मेले. मुंबईत खळबळ माजेपर्यंत ऑक्टोबर लागला. मंत्री आले, चौकशीले विशेष पथक, एसआयटी, बसली.

म्हणजे बातमीनं आमाले दुखणं नाही सांगितलं. बातमीनं सांगितलं का हे तुझं *नशीब* नाही, हा *प्रश्न* हाय. ताई, तुमच्या वसुलीवाल्या पोट्ट्याचंबी तसंच हाय पाहा. जोवर पेपरात येत नाही तोवर तुमी समजता आपलं गोट विकाले लागलं, आपलीच चूक.

---

वेचणीवाली | मंगळवार, रात्री ९.०२

हो भाऊ. खरं हाय. आमी तसंच समजतो.

---

सातबारा_ऑनलाइन | मंगळवार, रात्री ११.२०

वाघाडीकाठ यांनी अंगावर काटा आणला. पण पूर्ण चित्र असं नाही की विदर्भाकडे माध्यमांनी बघितलंच नाही. उलट २००५-०६ नंतर शेतकरी आत्महत्यांवर एवढं आलं की पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः २००६ मध्ये आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा. पी. साईनाथ यांच्यासारख्या पत्रकारांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून लिहिलं नसतं तर ते झालं असतं का? त्यांनीच नंतर अनेक भाषणांत सांगितलेली गोष्ट: त्याच काळात मुंबईच्या फॅशन वीकला पाचशेच्या वर पत्रकार होते, आणि तिथला विषय काय, तर सुती कपडे. तो कापूस पिकवणारे जिथे मरत होते तिथे बाहेरून आलेले पत्रकार बोटांवर मोजावे लागत.

पण त्याचा दुसरा परिणामही झाला. मी अकोल्याचा, नोकरीसाठी ठाण्यात राहिलो. कुठेही "विदर्भातला" म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडायचा. "अरे रे, तुमच्याकडे फार आत्महत्या ना?" जणू आमच्याकडे लग्नं होत नाहीत, पोळा भरत नाही, हुरडा भाजत नाहीत. माध्यमांनी विषय दिला तो दिला, वर त्या विषयाचा एकच चेहरा दिला: पांढऱ्या साडीतली बाई, हातात नवऱ्याचा फोटो. २००८ मध्ये विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी लोकसभेत यवतमाळच्या अशाच एका बाईंचं नाव घेतलं गेलं. दुसऱ्या दिवशी तिच्या दारात चॅनलवाल्यांच्या ओबी व्हॅनच्या रांगा. तिच्या शेजारणींकडे कोणी ढुंकून बघितलं नाही.

---

पुण्यातला_वऱ्हाडी | बुधवार, सकाळी ९.३०

सातबारा भाऊ, स्थळ बघायला गेलो तेव्हा मुलीच्या मामानं मला विचारलं होतं, "वडिलांवर कर्ज किती?" नोकरी आयटीत, पण पत्ता दिग्रसचा ना!

---

वन्यजीव_वेडा | बुधवार, सकाळी ११.०५

माझा थोडा वेगळा सूर. माध्यमांनी विषय उचलला की चांगलंही होतं. अवनी वाघिणीचं बघा. २०१८ मध्ये देशभर आवाज उठला म्हणून तरी लोकांना कळलं की जंगलं कशी तुटली, वाघांचे येण्याजाण्याचे पट्टे, म्हणजे कॉरिडॉर, कसे बंद झाले. नाहीतर एक वाघीण मारली गेली, एवढीच नोंद राहिली असती.

---

वाघाडीकाठ | बुधवार, दुपारी १२.४०

देशभर आवाज उठला हे खरं. पण कवा उठला थे सांगा ना.

राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात तेरा माणसं गेली राजेहो. दोन वर्षांत. गुराखी, कपाशीत गेलेले, सरपणाले गेलेले. सांजच्या पाच वाजता वावरातून लोकं घरी पळत होते, रातच्या लाईनीचं ओलित बंद पडलं होतं. तवा हे पुरवणीतलं प्रकरण होतं. जगभर बातमी कवा झाली माहीत हाय? ऑक्टोबरात, जवा वाघिणीले भुलवाले वनखात्यानं परदेशी पुरुषी अत्तर आणलं. अत्तराची बातमी झाली! मंग २ नोव्हेंबरच्या रात्री थे मेली अन् दुसऱ्या दिवसापासून सगळ्या देशाचा विषय.

"अवनी" हे नाव आमाले टीव्हीवरून कळलं. आमी टी-वन म्हणत होतो, नाहीतर नुसतं "थे". नाव ठेवलं का माया लागते. त्या तेरा जणाईतलं एक तरी नाव तुमाले येते का?

---

वन्यजीव_वेडा | बुधवार, दुपारी १.१५

नाही येत. खरं सांगतो, नाही येत. पण म्हणून वाघीण मारणं बरोबर होतं असं होत नाही.

---

वाघाडीकाठ | बुधवार, दुपारी १.२२

बरोबर होतं का चूक, थो वाद मी करूनच नाही राह्यलो. मी म्हणून राह्यलो का वादाले *कवापासून* सुरुवात धराची हे कोणी ठरवलं. तुमची गोष्ट २ नोव्हेंबरले सुरू होते, आमची दोन वर्षं आधी.

---

व्यवस्थापक | बुधवार, दुपारी १.५०

वाघ-माणूस संघर्षावर वेगळा धागा आहे. इथे मूळ विषयावर राहावे ही विनंती.

---

वैनगंगेचा_डोह | बुधवार, रात्री ९.१०

झाडीपट्टीतून हजेरी लावतो. तुम्ही वऱ्हाडवाले तरी पेपरात येता, आम्ही पूर्वेकडचे नक्षल किंवा वाघ असल्याशिवाय कुठेच नसतो.

२०२० आठवा. जूनमध्ये सुशांतसिंह राजपूतचं झालं आणि तीन-चार महिने टीव्हीला दुसरा विषय नव्हता. ऑगस्टच्या शेवटी मध्य प्रदेशातल्या धरणांतून पाणी सुटलं, इकडे गोसेखुर्द धरणाची सगळी ३३ दारं उघडली आणि वैनगंगा फुगली. भंडारा, पवनी, लाखांदूर, ब्रह्मपुरी, इकडे वडसा. धानाचं पीक आठवडाभर पाण्याखाली. माझ्या मावशीच्या घराला कमरेपर्यंत पाणी, ती घराच्या धाब्यावर, छतावर बसलेली, मोबाइलची बॅटरी संपत आलेली. नागपूरच्या नातेवाइकांना फोन लावला तर ते म्हणाले, "अगं, आम्हाला काहीच दिसलं नाही बातम्यांत." त्या आठवड्यात नटाच्या मैत्रिणीची मुलाखत चालू होती.

मावशी अजून म्हणते, पूर आला होता की मला स्वप्न पडलं होतं?

---

सातबारा_ऑनलाइन | बुधवार, रात्री ९.४५

त्याच जूनमध्ये आमच्याकडे आणि मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही. बोगस बियाणं. हजारो तक्रारी, शेवटी औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. आणि त्याच महिन्यात बुलढाण्याच्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. कोणती बातमी जगभर गेली असेल, सांगायला नको. गुलाबी रंगाचा फोटो छान येतो. न उगवलेल्या वावराचा फोटो म्हणजे नुसती काळी माती.

---

विनापगारी_वार्ताहर | गुरुवार, रात्री १२.१५

चार दिवस वाचतोय, राहवलं नाही. मी तालुक्याच्या पातळीवर बातम्या देतो. पेपरचं नाव सांगत नाही, पोट आहे.

मंडळी, मोठमोठे सिद्धांत ठीक, पण विषय कसा मरतो ते मी सांगतो. मला पगार नाही. जाहिरातीवर कमिशन. १५ ऑगस्ट, दिवाळी, २६ जानेवारी आणि नेत्यांचे वाढदिवस, यांचं टार्गेट असतं. ज्या सभापतीच्या "हार्दिक शुभेच्छा" मी अर्ध्या पानभर आणल्या, त्याच्याच गावातल्या रस्त्याची बातमी मी कोणत्या तोंडानं लावू? लावली तरी डेस्कवरून फोन येतो.

समजा लावली. व्हॉट्सअॅपवर तीनशे शब्द पाठवले, फोटोसकट. डेस्कवरचा पोरगा एकटा चार तालुक्यांची पानं लावतो. संध्याकाळी उशिरा जाहिरात आली की तो पहिली कात्री कोणावर चालवणार? तीनशेचे साठ शब्द होतात, सिंगल, म्हणजे एका कॉलमची, होते, "नागरिकांत संताप" असं शीर्षक लागतं आणि पान तीनवर खाली कोपऱ्यात. पूर्वी एसटीच्या कंडक्टरजवळ पाकीट द्यायचो तेव्हा बातमी दुसऱ्या दिवशी पोचायची, पण निदान पूर्ण यायची.

आणि सगळ्यात मोठी भिंत म्हणजे पुरवणी. लोकांना वाटतं पेपरात आलं म्हणजे सगळीकडे आलं. तुमच्या जिल्ह्याची पुरवणी तुमच्याच जिल्ह्यात फिरते. वर्ध्याची डीपी यवतमाळला दिसत नाही, यवतमाळची विषबाधा वर्ध्याला. दोन्हीकडच्या कास्तकाराला वाटतं, आपल्याकडेच असं आहे. वाघाडीकाठ भाऊ म्हणाले ना, चौकटी एकाखाली एक लावल्या? त्या लावणारा माणूसच वाटेतून निघून गेलाय. पूर्वी जिल्हा प्रतिनिधी बसून सगळ्या तालुक्यांच्या बातम्या वाचायचा, त्याला वास लागायचा. आता तोही जाहिरातीमागे.

आताच पाहा, नागपुरात हिवाळी अधिवेशन चालू आहे. मुंबईचे सगळे कॅमेरे आमच्यापासून दीड-दोन तासांवर. विधानभवनाच्या पायऱ्यांवर कोणी कापसाची माळ घालून आलं की बातमी. कापूस जिथे आहे तिथे येऊन कोणी बघणार नाही. अधिवेशन संपलं, हुरडा खाल्ला, विदर्भ संपला. पुढच्या डिसेंबरात भेटू.

---

पुण्यातला_वऱ्हाडी | गुरुवार, सकाळी ८.४०

वार्ताहर भाऊ, सलाम. पण आता पेपर-टीव्ही कोण बघतं? पोट्टे मोबाइलवरच असतात. यूट्यूबवर गावोगावचे चॅनल निघालेत. ते दाखवतील ना डीपी.

---

विनापगारी_वार्ताहर | गुरुवार, सकाळी ९.५५

दाखवतात, आणि काही पोरं खरंच चांगलं करतात. पण त्यांचाही हिशेब व्ह्यूजचा. डीपीच्या व्हिडिओला दोनशे, वाघ रस्ता ओलांडतो त्याला दोन लाख. पुढच्या वेळी पोरगा कॅमेरा कुठे फिरवेल?

आणि मोबाइलनं दिलेला विषय नेहमी साधाच असतो असं नाही. २०१८ मध्ये मुलं पळवणारी टोळी आली म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरत होतं. आमच्या तालुक्यातही बाया पोरांना शाळेत सोडायला लागल्या. कुठे काही झालेलं नव्हतं. पण चर्चा तीच, ठेल्यावर, चक्कीवर, धुऱ्यावर. त्यातच धुळ्याकडे राईनपाड्यात पाच भिक्षेकऱ्यांना लोकांनी ठेचून मारलं. तिथे कोणी संपादक नव्हता, चॅनल नव्हतं.

---

वेचणीवाली | गुरुवार, दुपारी २.०५

हे मात्र आमच्याबी धुऱ्यावर आलं होतं. मी कबूल करते. एक गोधडी विकणारी बाई आली होती तवा आमी तिले गावात येऊ नाही देल्लं. पाणीबी नाही इचारलं. आता लाज वाटते.

---

कांदाभजी | गुरुवार, संध्याकाळी ५.३०

एक साधी गोष्ट सुटली. खाणारा शहरात असला की भाव ही बातमी. कांदा महागला की देश रडतो, १९९८ मध्ये दिल्लीची निवडणूकच कांद्यावर गाजली. २०२३ मध्ये टोमॅटो चढला तेव्हा महिनाभर तेच. पण सोयाबीन? २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये, बाजारात त्याच्या कितीतरी खाली विकलं. सोयाबीन कोणी पिशवीत घेऊन घरी येत नाही ना. तेल स्वस्त झालं की तर उलट खुशीची बातमी!

---

मास्तर_निवृत्त | गुरुवार, संध्याकाळी ६.४५

कांदाभजी, नाव सार्थ केलंत. त्या वर्षी विधानसभेच्या प्रचारात सोयाबीनचा भाव दोन्ही बाजूंच्या भाषणांत आला होता हेही नोंदवू. मतं लागली की विषय पत्रिकेवर येतो. निकालानंतर पुन्हा आयत्या वेळचे विषय.

पऱ्हाटी, डीपीचं काय झालं?

---

पऱ्हाटी | गुरुवार, रात्री ९.१५

पंधरावा... नाही, चौदावा दिवस. वार्ताहर भाऊंनी मला खासगीत निरोप केला होता. सगळी हकीकत, फोटो, अर्जाची पोच, सहा कास्तकारांच्या सह्या पाठवल्या. बघू.

वेचणीवाली ताई, तुमच्या त्या हप्त्याचं पण त्यांना कळवा. नाव घालू नका म्हणावं.

---

पऱ्हाटी | शनिवार, सकाळी १०.३०

राजेहो, आली बातमी!!

पान तीन, सिंगल, खालचा कोपरा, वर एका युवा नेत्याचा वाढदिवस. मजकूर नीट आहे, "नागरिकांत संताप" आहेच. फक्त गावाचं नाव चुकलं. आमचं गाव बुद्रुक, छापलं खुर्द. खुर्द नदीपलीकडे, तीन किलोमीटर.

---

विनापगारी_वार्ताहर | शनिवार, सकाळी ११.१०

मी बुद्रुकच पाठवलं होतं. आईशप्पथ. डेस्कवर झालं. शुद्धिपत्र मागतो, पण येईल असं वाटत नाही.

---

पऱ्हाटी | रविवार, रात्री ८.५०

तर पुढचं ऐका. बातमी वाचून ऑफिसातून काल लाईनमन निघाला, तो सरळ खुर्दला गेला. तिथली डीपी धडधाकट. त्यानं फिरून पाहिलं, फ्यूज हलवून पाहिले, आणि "तक्रार निराधार" असा शेरा मारून परत गेला.

आज संध्याकाळी साळ्याकडे खुर्दला गेलो होतो. त्यांच्या पानठेल्यावर पंधरा-वीस माणसं जमलेली, मधोमध तो पेपर, घडी मोडून मऊ झालेला. सगळे पेटलेले. "आपली डीपी जळाली म्हणते राजेहो, अन् आपल्याले माहीतच नाही!" एक म्हणे मोर्चा काढा. दुसरा म्हणे, लाईन तर चालू आहे. त्याला तिसऱ्यानं गप्प केलं, "चालू हाय तं पेपरात काय उगाच आलं का?"

मी सांगितलं की बाप्पा, ती आमची डीपी आहे. कोणी ऐकून घेतलं नाही. उद्या सकाळी दहा वाजता खुर्दवाले ऑफिसवर जाणार आहेत. मी पण जातो त्यांच्यासोबत, गर्दीत आमचा अर्ज तिसऱ्यांदा सरकवून देतो.